खाते क्रमांक चारशे सतरा

मी एकदाच सांगते. ही माझी ख्याती. तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवते आहे, आणि वर्गात कुणी हात वर करून "बाई, परत सांगाल का?" म्हटलं की माझ्या कपाळावर अशा आठ्या पडतात की तो हात आपोआप खाली जातो. "लक्ष कुठे होतं?" एवढंच मी विचारते आणि पुढे जाते. मला या गोष्टीचा अभिमान होता, हे आधीच कबूल करून टाकते.

त्यामुळे विद्यापीठाने दूरशिक्षण विभाग काढला आणि माझी तिथे बदली केली तेव्हा माझ्या डोक्यात तिडीकच गेली. जुन्या फाइलींची खोली, त्यात एक खुर्ची, एक कॅमेरा, मागे निळा पडदा. समोर माणूस नाही. छत्तीस व्याख्यानं मी अशी भिंतीशी बोलून रेकॉर्ड केली. नवव्या व्याख्यानात तर शिपाई मध्येच दार उघडून डोकावला आणि मी "दार लावा म्हटलं ना!" म्हणून त्याच्यावर खेकसले. तेही रेकॉर्ड झालं. ते व्याख्यान पुन्हा करू या, असं रेकॉर्डिंगवाला भीत भीत म्हणाला. मी म्हटलं, मी एकदाच सांगते. राहिलं ते तसंच.

तीन वर्षांनी विभागप्रमुखांच्या मनात आलं की विद्यार्थ्यांना दूरशिक्षण कितपत आवडतं, आणि त्यात पुरुष आणि बायका यांच्यात फरक काय, याचं सर्वेक्षण करावं. आकडे म्हटले की माझ्याच गळ्यात पडणार. मध्येच सोडून गेलेले वगळून उरलेल्या तीनशेच्या तीनशे जणांनी फॉर्म भरले. पुरुष दोनशे बारा, बायका अठ्ठ्याऐंशी. पुरुषांनी पाचपैकी सरासरी तीन गुण दिले होते आणि तक्रारी भरभरून लिहिल्या होत्या. एकाने लिहिलं होतं, व्याख्यानं फार लांबतात, मी दुप्पट वेगाने ऐकतो. दुसऱ्याचं दुःख असं की कँटीनच नाही तर कॉलेज कसलं. बायकांनी साडेचारच्या वर गुण दिले होते, आणि शेऱ्याच्या जागी बहुतेकींनी "छान" किंवा "आभारी आहे" असं लिहून सुटका करून घेतली होती.

"बायकांचं काय, विचारलं की छानच म्हणणार," विभागप्रमुख हसून म्हणाले. "खरं मत प्रवेशाच्या आकड्यात दिसतं. तीनशेत अठ्ठ्याऐंशी. रस नाही, एवढाच अर्थ."

यावर मला राग यायला हवा होता. एरवी माझा राग कायम नाकावर असतो. पण दूरशिक्षणात मला स्वतःलाच रस नव्हता, त्यामुळे इतर बायकांनाही नसेल, हे मला लगेच पटलं. मी अहवालात लिहून टाकलं: स्त्रियांना दूरशिक्षणात तुलनेने कमी रस दिसतो. खाली सही माझी. नियमाप्रमाणे त्याची प्रत सगळ्या विद्यार्थ्यांना पाठवली गेली.

त्याच आठवड्यात चारशे सतरा नंबरचं खातं माझ्यासमोर आलं.

संगणक विभागाने कागद पाठवला होता. या खात्यावर चाळीस मिनिटांचं व्याख्यान चांगलं तासभर चालायचं. सुरू झालं की अकरा मिनिटांनी थांबायचं, सहा मिनिटं बंद राहायचं, पुन्हा सुरू व्हायचं आणि पुन्हा बरोबर अकरा मिनिटांनी थांबायचं. एकेक व्याख्यान पंधरा-पंधरा वेळा ऐकलेलं, सातवं तर एकवीस वेळा. आणि व्याख्यानाखाली विचारलेले प्रश्न! एक प्रश्न शाळकरी: सरासरी काढताना शून्य धरायचं की सोडायचं? त्याच दिवशी दुसरा प्रश्न असा की मला कपाटातून पुस्तक काढावं लागलं. आणि एक तर कमालच: "उत्तर कळलं, पण आमच्या इथे एकीला पटत नाही. अजून एक उदाहरण द्याल का?" त्याला मी उत्तर दिलं होतं, "व्याख्यान पुन्हा ऐका."

"नियम सहा," विभागप्रमुख म्हणाले. "एका खात्यावर एकच विद्यार्थी. इथे तर टोळी दिसते. हिचे स्वाध्याय कोण लिहून देतं, देव जाणे. तुम्ही जा, तिला समोर बसवा, तोंडी विचारा. तिला स्वतःला येत नसेल तर खातं रद्द. शुक्रवारी कागद माझ्या टेबलावर हवा."

शेवटचा पेपर आठ दिवसांवर आला होता. खातं रद्द झालं असतं तर त्या मुलीची तीन वर्षं पाण्यात गेली असती, आणि पुन्हा प्रवेश कधीच मिळाला नसता. हे मला माहीत होतं. तरी खोटं का बोलू, मी उत्साहातच निघाले. लबाडी पकडायला मला फार आवडतं.

पत्ता एका मोठ्या रुग्णालयाचा होता. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाने माझ्याकडे वर-खाली पाहिलं आणि तळघराकडे बोट केलं. "लाँड्री. वासावर जा, सापडेल."

जिना उतरत गेले तशी हवा गरम आणि ओली होत गेली. साबणाचा उग्र वास नाकात बसला. भिंतीला लागून मळक्या कपड्यांच्या बोचक्यांच्या ढकलगाड्या उभ्या होत्या. शेवटच्या वळणावर मी थबकले, कारण आतून कुणीतरी ओळखीचं बोलत होतं. आवाज घोगरा, ठसक्यातला, जरा भांडखोर. दोन पायऱ्या उतरल्यावर माझ्या ध्यानात आलं की तो आवाज माझाच आहे.

दार उघडंच होतं. आत लांबच लांब खोली, छताला पाण्याचे जाड नळ, आणि त्यातल्या एका नळाला सुतळीने एक स्पीकर बांधलेला. वाफ लागू नये म्हणून त्याला प्लास्टिकची पिशवी घातली होती. त्या पिशवीतून मी बोलत होते. खाली डोक्याला जाळीच्या टोप्या बांधलेल्या बायका दोघी-दोघींनी चादरींच्या घड्या घालत होत्या. कुणी स्पीकरकडे पाहत नव्हतं. हात आपले चालले होते, आणि मी नमुना निवडीबद्दल बोलत होते.

मी आत पाऊल टाकणार, तेवढ्यात स्पीकरमधली मी क्षणभर थांबले. आणि त्या क्षणी खोलीतल्या सगळ्या बायकांनी, हातातल्या चादरीवरून नजरही न उचलता, एका सुरात माझ्या आधी आरोळी ठोकली, "दार लावा म्हटलं ना!"

मागोमाग स्पीकरमधूनही माझं खेकसणं आलं. मग स्पीकरमधली मी खोकले. त्यांनी खोकलाही बरोबर मोजला, दोनदा. मग त्या हसल्या आणि मी शिकवत राहिले.

मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. आधी रागच आला, म्हणजे यायला निघाला होता, पण अर्ध्या वाटेत विरून गेला. छत्तीस वेळा मी ज्या भिंतीशी बोलले होते, त्या भिंतीपलीकडे माणसं होती. माझा खोकला त्यांना पाठ होता. मी दारातच उभी राहिले.

इतक्यात कोपऱ्यातलं भलं मोठं मशीन कपडे पिळायला लागलं आणि खोली आवाजाने भरून गेली. मशीनजवळ पिकल्या मिशांचा एक माणूस होता. त्याने गळ्यात अडकवलेल्या फोनवर बोट ठेवलं आणि माझं व्याख्यान थांबवलं. मी घड्याळ पाहिलं. सहा मिनिटांनी मशीन शांत झालं आणि त्याने मला पुन्हा सुरू केलं. टोळीचा एक पुरावा तिथेच निकालात निघाला.

पण त्या सहा मिनिटांत मी जे पाहिलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्या गोंगाटात बोललेलं ऐकूच येत नव्हतं. ऐकू येण्यापुरत्या दोघी जवळ यायच्या त्या फक्त कोपरे जुळवताना. चादर दोन टोकांना धरायची, झटकायची, चालत समोरासमोर यायचं. कोपरे जुळले की तोंडं एका वितीवर. तिथे एकीने काहीतरी विचारायचं. मग ती घडी धरून मागे सरायचं, चादर ताणायची, पुन्हा पुढे यायचं, आणि दुसऱ्यांदा कोपरे जुळले की दुसरीने उत्तर द्यायचं. उत्तर बरोबर असेल तर घडी गठ्ठ्यावर. चूक असेल तर चादर पुन्हा उलगडायची. सात जोड्या, सगळ्या खोलीभर, पुढे-मागे, पुढे-मागे. रुग्णालयातल्या प्रत्येक पलंगावर अशा घड्यांच्या चादरी जात होत्या, आणि त्यांवर झोपणाऱ्यांना याची काही कल्पना नव्हती.

मशीन थांबल्यावर मी विचारलं, "चारशे सतरा कोण?"

सगळ्या टोप्या एकदम वळल्या. माझा चेहरा त्यांना माहीत नव्हता, कारण फोन त्या मिशीवाल्याच्या गळ्यात असायचा. पण साठीची एक ठेंगणी बाई छातीवर हात ठेवून ओरडली, "अगं बाई! घोगऱ्या बाई आल्या!"

तिच्या चादरीच्या दुसऱ्या टोकाला तिशीतली, अंगाने काटकुळी मुलगी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "मीच, बाई. अकाउंट माझंच आहे. ह्या नुसत्या ऐकतात."

"नुसत्या कशाने?" ठेंगणी फणकारली. "मधला आकडा कसा काढायचा ते तुला मी सांगितलं. गाऊन मापाने ओळीत लाव आणि मधला उचल म्हटलं, तेव्हा कुठे तुझ्या डोक्यात शिरलं."

"या माझ्या सासूबाई," मुलगी कसनुसं हसून म्हणाली.

हळूहळू सगळं बाहेर आलं. मुलगी आधी कानात घालून एकटीच ऐकायची. नववं व्याख्यान ऐकताना ती फिदीफिदी हसली. सासूने विचारलं, एकटीच काय हसतेस, मलाही ऐकव. मग कानातलं एक हिला, एक तिला. मग बाकीच्या म्हणायला लागल्या, आम्ही काय पाप केलं? मिशीवाल्याने घरून स्पीकर आणला. खोलीत चौदा जणी आणि हा एकटा बाप्या. "मी काही शिकत नाही, मी फक्त बटण दाबतो," तो म्हणाला. त्यावर बायका इतक्या हसल्या की मला कळलं, तो सगळ्यांत हुशार असणार.

"मग तुम्ही का नाही प्रवेश घेतला?" मी बाकीच्यांना विचारलं.

"शाळेचा दाखला कुठाय?" एकजण म्हणाली.

"घरी म्हणतात, या वयात कशाला नसती थेरं," दुसरी म्हणाली. तिसरी चादरीत तोंड लपवून म्हणाली, "नाव घातलं की नापास होता येतं, बाई. नुसतं ऐकलं की नाही होता येत."

"आणि हे असं ऐकायला आवडतं?" मी विचारलं. सर्वेक्षणातला पहिलाच प्रश्न होता तो, पण या वेळी मला खरंच उत्तर हवं होतं.

मुलीने सासूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी आधी कॉलेजात एक वर्ष गेले होते, बाई. वर्गात कळलं नाही की हात वर करायला लागतो. सगळे बघतात. मास्तर वैतागतात. मी एकदाही हात वर केला नाही. मग नापास झाले, मग लग्न झालं." तिने हातातल्या चादरीचा कोपरा सरळ केला. "सातवं व्याख्यान मला कळत नव्हतं. तुम्ही एकवीस वेळा सांगितलंत. एकदाही चिडला नाहीत."

तीस वर्षांत मला कुणी असं म्हटलं नव्हतं, आणि म्हणण्यासारखं मी कधी वागलेही नव्हते. ज्या शांत, सोशिक बाईचे ती आभार मानत होती, ती बाई मी नव्हतेच. तिला मी फक्त चुकून रेकॉर्ड केलं होतं.

पण पडताळणी करणं भाग होतं. मी कागद काढला आणि नियम सांगितला: ती एकटी उत्तर देईल, कुणी ओठही हलवायचा नाही. मिशीवाल्याने न सांगता मशीन बंद केलं. एक पालथी बादली तिला बसायला दिली, एक मला. बाकीच्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. सासूबाईंनी तर सरळ भिंतीकडे तोंड केलं. "माझ्या थोबाडावर उत्तर दिसतं," त्या म्हणाल्या.

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं मुलीने चाचरत, पण बिनचूक दिली. चौथा प्रश्न अर्थ लावण्याचा हवा होता. माझ्या पिशवीत आमचाच अहवाल होता. मी विचारलं, "तीनशे विद्यार्थ्यांत अठ्ठ्याऐंशी बायका. यावरून बायकांना दूरशिक्षणात रस कमी आहे, असं म्हणता येईल का?"

अहवालाची प्रत तिलाही गेली होती. खालची सही तिने पाहिली होती. मी तिला विचारत होते, तुझ्या बाई चुकल्या का? आणि तिची तीन वर्षं माझ्या हातातल्या कागदावर होती. मिनिट गेलं. भिंतीशी तेरा जणी श्वास रोखून उभ्या. मिशीवाला छताकडे बघत होता. सगळ्यांना उत्तर येत होतं, मला तसं दिसत होतं, आणि एकीनेही ओठ हलवला नाही. परीक्षेचा असा प्रामाणिक वर्ग मी विद्यापीठात एकदाही पाहिलेला नाही.

मुलीचे हात मांडीवर रिकामे पडले होते, आणि बोटं उघडत होती, मिटत होती. शेवटी ती जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली, "बाई, परत विचाराल का?"

माझ्या कपाळाला सवयीने आठी पडायला निघाली. मी ती पडू दिली नाही. बादलीवरून उठले, गाडीतली एक धुतलेली चादर काढली, दोन कोपरे तिच्या हातात दिले आणि दोन माझ्या हातात घेऊन मागे सरत गेले. आम्ही चादर झटकली. तिने ताणली, मी ताणली. चालत समोरासमोर आलो, कोपरे जुळले, आणि तिच्या चेहऱ्यापासून वितीभर अंतरावरून मी तोच प्रश्न परत विचारला.

ती घडी धरून मागे सरली. तिचे खांदे सैल झाले. चादर ताणली, आणि ती माझ्याकडे चालत आली.

"नाही म्हणता येणार," कोपरे जुळवत ती म्हणाली. आवाज आता स्वच्छ होता. "तुम्ही खाती मोजलीत, बाई. ऐकणाऱ्या बायका नाही मोजल्या. इथे आम्ही चौदा जणी आहोत आणि फॉर्म एक. अशा खोल्या अजून किती आहेत, ते तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही. ज्यांना विचारलंच नाही, त्यांना रस नाही असं म्हणता येत नाही." मग ती जरा घाबरून म्हणाली, "तुम्हीच सांगितलंय. सातव्या व्याख्यानात."

सांगितलं होतं. एकवीस वेळा. मी स्वतः एकदाही ऐकलं नव्हतं.

मी त्या घडीवरच कागद ठेवला आणि उभ्याउभ्या लिहिलं: पडताळणी पूर्ण. विद्यार्थिनीने सर्व उत्तरे स्वतः दिली. खाते एकीचेच आहे, परीक्षाही एकीच देणार आहे. ऐकण्यावर नियम सहाची बंदी नाही. पेपरला बसू द्यावे. खाली आणखी एक ओळ लिहिली: सर्वेक्षणाचा निष्कर्ष मागे घेत आहे, चूक माझी. सही केली आणि तिला वाचायला दिलं. तिने ओठ हलवत वाचलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. भिंतीशी इतका कल्ला झाला की मशीनचा आवाजही त्यापुढे फिका पडला असता.

सासूबाई डोळे पुसत आल्या. वाटलं, आता माझे हात हातात घेतील. त्यांनी आमची चादर उचलली, उजेडाकडे धरली आणि नाक मुरडलं.

"बाई, तुमच्या बाजूचे कोपरे जुळलेले नाहीत," त्या म्हणाल्या आणि ती भर्रकन उलगडून तिचं टोक माझ्या हातात दिलं. "परत."

मी निमूटपणे मागे सरले आणि चादर परत धरली.